पाणी कडकडीत तापतंय, मग सर्व्हिसिंग कशाला?

दसरा झाला की आमच्याकडं येणारे प्रश्न बदलतात, पंखे-कूलर मागं पडतात आणि गिझर, बंब, शेगड्या पुढं येतात. या वेळी सातारा आणि सांगली जिल्ह्यातून आलेले प्रश्न एकत्र घेतलेत, कारण बहुतेकांची गोष्ट एकच आहे, घरात रोज काहीतरी जळतंय किंवा तापतंय आणि वर्षानुवर्षं त्याचं झाकण उघडून कुणी आत बघितलेलं नाही. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीय ती मुद्दाम दिलीय, गॅस गिझर ज्यांच्या घरात आहे त्यांनी तेवढं तरी पूर्ण वाचा.

प्रश्न : आमच्याकडं सहा लिटरचा गॅस गिझर आहे, बाथरूममध्येच लावलाय. घेतल्यापासून एकदाही बंद पडला नाही, पाणी कडकडीत येतं. मुलगी बारावीला आहे, डोक्यावरून आंघोळ करून आली की डोकं जड झालं म्हणते, मळमळतंय म्हणते, थोड्या वेळानं बरं वाटतं. आम्हाला वाटलं अभ्यासाचं टेन्शन. मिस्टर म्हणतात चालतंय ते कशाला उघडायचं. सर्व्हिसिंग खरंच लागतं का?
*एक वाचक भगिनी, शाहूपुरी, सातारा*

उत्तर : ताई, आधी उठा आणि गिझरचा गॅस कॉक बंद करा, मग पुढचं वाचा. उद्यापासून पाणी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवा, थोडे दिवस त्रास होईल, होऊ दे.

तुमच्या लेकीचं डोकं आंघोळीनंतरच जड होतंय आणि मोकळ्या हवेत आल्यावर हलकं होतंय, हे टेन्शनचं लक्षण मला तरी वाटत नाही. टेन्शन काय बाथरूमपुरतं येत नाही. हा बहुतेक कार्बन मोनॉक्साइडचा प्रकार आहे. गॅस पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते, पण हवा कमी पडली किंवा बर्नर घाण झाला की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. सिलिंडर गळाला की जो घाण वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, इथं तसलं काहीच नाही त्यामुळं माणसाला पत्ता लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन जितका चिकटतो त्याच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीनं हा चिकटतो, म्हणजे माणूस श्वास घेत असतो पण अंगाला ऑक्सिजन पोचतच नाही. आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं, मग हातपाय गळतात, आणि बाथरूममध्ये हातपाय गळाले की कडी काढायलासुद्धा जमत नाही. गॅस गिझरमुळं बाथरूममध्ये माणूस दगावल्याच्या बातम्या दर थंडीत येतात त्यातल्या कितीतरी अशाच असतात, आत धूर नसतो, जळालेलं काही नसतं, घरच्यांना कळतच नाही काय झालं.

आता हवेचा हिशोब बघा, ढोबळ आहे पण डोळे उघडणारा आहे. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर फुल्ल चालला की १० मिनिटांत दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे जवळजवळ २ घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपला. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे सगळी मिळून साडेपाच घनमीटर हवा. त्यात दार बंद, थंडी वाजते म्हणून वरची खिडकी बंद, दाराखाली पायपुसणं सारलेलं. बारावीची पोरगी केस धुवायला १० मिनिटांत कुठली बाहेर येतेय. जसजसा ऑक्सिजन कमी होतो तसतसा तोच गिझर जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडायला लागतो, म्हणजे शेवटची पाच मिनिटं पहिल्या पाचापेक्षा फार वाईट असतात.

आणि सर्व्हिसिंगचा संबंध इथंच येतो. गिझरच्या आत तांब्याची एक पेटी असते, तिला पातळ पातळ पत्र्याच्या पाकळ्या असतात, शेजारी शेजारी उभ्या, मध्ये जेमतेम फट. ज्योतीचा गरम वारा त्या फटींतून वर जातो आणि पाणी तापतं. वर्ष-दोन वर्षं साफ नाही केलं की त्या फटींत काजळी बसते, धूळ बसते, कोळ्याची जाळी असतात, आणि वारा वर जायचा रस्ता अडला की खाली ज्योतीला हवा ओढता येत नाही. मग ज्योत निळी राहत नाही, पिवळी होते, वर लांब जिभा निघतात, त्यातून आणखी काजळी होते, ती परत त्याच फटींत बसते. पण पाणी तापतच राहतं! तुमचे मिस्टर म्हणतात चालतंय, हो चालतंय, पाणी तापवायचं काम चालू आहे, पण ते कशाच्या जिवावर चालू आहे हे बाहेरून दिसत नाही. गिझरला समोर छोटी काच किंवा भोक असतं त्यातून बघा (बघताना दार उघडं ठेवा), पिवळी ज्योत दिसली, पेटताना भप्प असा आवाज झाला, वरच्या पत्र्यावर किंवा भिंतीवर काळा डाग दिसला, यातलं एक जरी असलं तरी गिझर त्या दिवसापासून बंद.

मात्र सर्व्हिसिंग करून तो परत त्याच बाथरूममध्ये लावायचा असेल तर माझा सल्ला सरळ नको असा आहे. गिझर बाहेर काढा, इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये नाही, तर बाल्कनीत, उघड्या गॅलरीत किंवा बाहेरच्या भिंतीवर पावसापासून आडोसा करून, आणि गरम पाण्याचा पाइप आत घ्या. प्लंबरचा एका दिवसाचा खर्च आहे. ते होईपर्यंत कधी वापरावाच लागला तर दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, आतली हवा मोकळी होऊ द्यायची आणि मगच आंघोळीला जायचं.

लेकीला डॉक्टरांकडं न्या आणि गॅस गिझरचं स्वतःहून सांगा, नाहीतर ॲसिडिटीची गोळी हातात पडते. अजून एक, बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर यात फसवतं, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तसुद्धा त्याला ऑक्सिजनचंच वाटतं आणि आकडा ९८ दाखवतो, त्यावर विसंबू नका, खरं कळतं ते रक्ताच्या तपासणीतच. आणि कधी कुणी आत पडलंच तर दार तोडून आधी बाहेर उघड्यावर काढा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवणं, लिंबूपाणी पाजणं यात वेळ घालवू नका, त्या माणसाला ऑक्सिजन पाहिजे असतो आणि तो दवाखान्यातच मिळतो.

प्रश्न : आम्ही दरवर्षी सर्व्हिसिंग करतो पण मिस्त्री येतो, वरून फडका मारतो, सेल बदलतो आणि पैसे घेऊन जातो, पाच-सात मिनिटांत काम खलास. नेमकं काय करून घ्यायला पाहिजे?
*एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

उत्तर : दादा, पाच-सात मिनिटांत झालं ते सर्व्हिसिंग नव्हे. कव्हरचे स्क्रू निघाले नाहीत तर काहीच झालं नाही असं समजा. नीट करणारा माणूस आधी गॅस आणि पाणी दोन्ही बंद करतो, सेल काढतो, मग कव्हर काढून बर्नर बाहेर घेतो आणि त्याची भोकं ब्रशनं मोकळी करतो. वरची तांब्याची पेटी उतरवून पाकळ्यांतली काजळी काढायची असते, हे वेळखाऊ काम आहे आणि तेच टाळलं जातं, म्हणून तुम्ही शेजारी उभं राहून ते करून घ्या. पाणी आत येतं तिथं एक बारीक जाळी असते, बोअरच्या पाण्यानं ती मातीनं भरते आणि मग नळ सोडला तरी गिझर पेटत नाही, लोक सेल बदलत बसतात. तिथंच आत रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. पाण्याचा दाब आला की तो फुगतो आणि गॅस सुरू करतो, नळ बंद केला की गॅस तोडतो. हा पडदा जुना होऊन कडक झाला की नळ बंद केल्यावर ज्योत लगेच विझत नाही, एक-दोन सेकंद रेंगाळते. असं दिसलं की पडदा बदला, दोनशे-चारशे रुपयांकडं बघू नका.

मग सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचं, काडी ओढून गळती बघणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. नळीवर छापलेली तारीख वाचा, ती केशरी सुरक्षा होज पाच वर्षांपुरतीच असते, बाहेरून नवीकोरी दिसली तरी आतलं रबर चिरलेलं असू शकतं. शेवटी गिझर चालू करून काचेतून ज्योत तुम्हाला दाखवायला सांगा, पूर्ण निळी आणि सगळ्या बर्नरवर सारखी पाहिजे. एवढं झाल्यावर मार्करनं कव्हरच्या आतल्या बाजूला तारीख लिहून ठेवायला लावा.

प्रश्न : मी कुपवाड एमआयडीसीत फौंड्रीत आयुष्य काढलं, आता रिटायर आहे. मुलगा अमेरिकेत मिनेसोटात असतो, मागच्या वर्षी घर घेतलं. घर गरम करायला तळघरात गॅसची फर्नेस आहे. तिथली कंपनी म्हणते दरवर्षी तपासणी करा, त्याचे डॉलर मोजावे लागतात. तो म्हणतो बाबा घर तर गरम होतंय, पैसे कशाला घालवू. आम्ही डिसेंबरात तिकडं जाणार आहोत. माझ्या मनात शंका आहे, भट्टी म्हटलं की देखभाल आलीच. बरोबर ना?
*एक वाचक, सांगली*

उत्तर : काका, तुमची शंका शंभर टक्के रास्त आहे आणि मुलाला हे वाचून दाखवा.

तुमच्या फौंड्रीतल्या भट्टीत आग आणि माल एकत्र असतो, इथं तसं नाही. घरच्या फर्नेसमध्ये बर्नरची ज्योत एका बंद धातूच्या पोकळीत जाते, तिला हीट एक्स्चेंजर म्हणतात. त्या पोकळीच्या आतून जळालेला वायू जातो आणि पाइपानं घराबाहेर पडतो, आणि बाहेरच्या अंगानं घरातली हवा एक मोठा ब्लोअर ढकलत असतो, तीच हवा तापून डक्टमधून प्रत्येक खोलीत जाते. म्हणजे विषारी वायू आणि तुमच्या नातवंडांच्या श्वासाची हवा यांच्यामध्ये फक्त एक पातळ पत्रा आहे. रोज कितीतरी वेळा तो तापतो, फुगतो, निवतो, आक्रसतो. पत्रा चिरला तरी घर गरम होतच राहतं, म्हणून "गरम होतंय ना" हा पुरावा धरू नका.

आणि तो पत्रा वेळेआधी का चिरतो, तर बऱ्याचदा कारण अगदी क्षुल्लक असतं, फिल्टर. ब्लोअर घरातली हवा ओढतो तिथं एक घडीचा फिल्टर बसवलेला असतो, तो धुळीनं, केसांनी, कुत्र्या-मांजराच्या लवेनं भरला की हवा कमी जाते, पोकळीवरची उष्णता कुणी वाहून नेत नाही, पत्रा प्रमाणाबाहेर तापतो. एक सुरक्षा स्विच असतो तो बर्नर बंद करतो, थंड झालं की परत सुरू, परत बंद, असं दिवसभर चालतं आणि धातू थकतो. तुम्ही रिफ्रॅक्टरीला (भट्टीच्या आतल्या उष्णता सोसणाऱ्या अस्तराला) तडे जाताना बघितलेत, तुम्हाला जास्त सांगायला नको. फिल्टर पातळ असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी, जाड असेल तर तीन महिन्यांनी किंवा त्यावरच्या सूचनेप्रमाणे बदलायचा, हे मुलानं स्वतः करायचं काम आहे, पाच मिनिटं लागतात. फिल्टरच्या कडेला बाण छापलेला असतो, तो ब्लोअरच्या दिशेला पाहिजे, उलटा बसवू नये.

तपासणीला माणूस येतो तो काय करतो हे विचारून घ्या. जळालेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड किती आहे हे तो मीटरनं मोजतो, गॅसचा दाब बघतो, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातला फरक बघतो, एक्स्चेंजरला चीर आहे का ते तपासतो. ज्योतीपुढं एक बारीक कांडी असते, फ्लेम सेन्सर, तिच्यावर थर चढला की फर्नेस पेटते आणि काही सेकंदांत विझते, मग परत प्रयत्न करते आणि शेवटी बसूनच राहते. मिनेसोटात उणे २० अंशांच्या रात्री ही गंमत परवडणारी नाही, घरातले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. नव्या, जास्त कार्यक्षमतेच्या फर्नेसमधून पाणी ठिबकतं, ते जायची नळी तुंबली तरी फर्नेस बंद पडते, तीही साफ व्हायला पाहिजे. मोजलेले आकडे कागदावर मागा, नुसतं "सगळं ओके" म्हणून सही घेणाऱ्याला पैसे देऊ नका, तो मिस्त्री विश्रामबागेतला असो नाहीतर मिनेसोटातला. हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत उरकायला सांगा, थंडी पडल्यावर तिथं माणूस मिळता मिळत नाही.

तुम्ही गेल्यावर दोन गोष्टी स्वतः बघा. एक, प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, आणि त्याच्या पाठीवरची तारीख काय आहे, हे अलार्म मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षांत बाद होतात, घर विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकाचा तसाच राहिलेला असू शकतो. दोन, बऱ्याच नव्या फर्नेसचे हवा घ्यायचे आणि सोडायचे पांढरे प्लास्टिकचे पाइप घराच्या भिंतीतून बाहेर निघतात, मोठा बर्फ पडला की ते बुजतात, दर बर्फानंतर जाऊन मोकळे करायचे. आणि तळघरात फर्नेसला लागून खोकी, रंगाचे डबे, पेट्रोलचा कॅन काही ठेवलं असेल तर तुमच्या हातानं हलवा, मुलं हे मनावर घेत नाहीत.

प्रश्न : घरात आजोबांच्या काळचा तांब्याचा बंब आहे, अजून रोज पेटतो, आम्हाला त्याच्याच पाण्यानं आंघोळ केल्यासारखी वाटते. हल्ली फार धुमसतो आणि खालून थेंब थेंब गळतो. टाकून द्यावा का?
*एक वाचक, वाई*

उत्तर : अजिबात टाकू नका, बंबासारखी टिकाऊ वस्तू आता कुणी बनवत नाही आणि मोडीत घालून जे पैसे येतील त्यात चांगला गिझरही येणार नाही. धुमसतोय म्हणजे हवा मिळत नाही. खालची जाळी काढून बघा, राखेनं आणि जळणातून आलेल्या खिळ्या-पत्र्यांनी भोकं बुजलेली असणार, ती खरवडून काढा, आणि राखेचा खण रोजच्या रोज रिकामा करा, साठवून आठवड्यानं नको. मग मधलं नळकांडं, त्यात वरून खालपर्यंत काजळीचा जाड थर असतो, काठीला काथ्या बांधून किंवा लांब तारेचा ब्रश घालून तो पाडा. काजळी गेली की तेवढ्याच जळणात पाणी लवकर तापतं, हे तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल.

गळती बहुतेक डागात, म्हणजे धातू वितळवून सांधलेल्या जोडात असते. बंब कधीतरी पाण्याशिवाय पेटवला गेला असणार, पाहुणे आले की असं होतं, एक जण पाणी काढतो, दुसरा भरायचं विसरतो आणि खाली निखारे असतातच. जोड उलतो. तांबटाकडून किंवा भांड्यांना डाग देणाऱ्याकडून नीट करून घ्या, एम-सील लावू नका, ते धगीपुढं टिकत नाही. आतून क्षार बसला असेल तर चिंचेच्या कोळाचं पाणी रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी खळखळून टाकून द्या.

जळणाबद्दल एक कळकळीची विनंती. उसाची वाळलेली चिपाडं, करवंट्या, लाकडाचे तुकडे, शेणी, काहीही चालेल, पण पेटवायला दुधाची पिशवी किंवा प्लास्टिकचा कागद घालू नका. फार घरांत घालतात. तो धूर न्हाणीत कोंडतो आणि लहान मूल त्याच धुरात आंघोळीला बसतं. रंग दिलेलं जुनं लाकूड, प्लायवूडचे तुकडे यांचंही तेच. आणि वर गिझरबद्दल जे हवेचं सांगितलं ते बंबालाही लागू आहे, बंब बंद न्हाणीत असेल तर पेटता ठेवून दार लावून आत बसू नका. अंगणात किंवा पडवीत बंब ठेवायची जुनी पद्धत होती ती फार बरोबर होती.

प्रश्न : आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, फार जड. पंधरा लिटरचा इलेक्ट्रिक गिझर तापताना आतून खडखडतो, खदखद आवाज येतो. बिलही वाढलंय. काय करावं?
*एक वाचक, जत*

उत्तर : जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, या सगळ्या पट्ट्यातून हा प्रश्न येतो. जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो, दगडासारखा. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तो आवाज. कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही म्हणून ती आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस तिची नळी फुटते, मग करंट पाण्यात येऊ शकतो. म्हणून तुमच्याकडच्या पाण्याला वर्षातून एकदा गिझर उघडून कॉइल साफ करणं आणि आतली मॅग्नेशियमची कांडी बघणं भाग आहे. ही कांडी टाकीच्या ऐवजी स्वतः झिजते, ती संपली की टाकी गंजायला लागते, झिजून तारेएवढी राहिली असेल तर बदला. तापमान ५५-६० च्या पुढं लावू नका, जास्त तापलं की चुना जास्त बसतो.

बिलाचं कारण मात्र बहुतेक दुसरं असेल. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० ला न्यायला पाऊण युनिटसुद्धा लागत नाही, आणि दोन किलोवॅटच्या गिझरला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बघा, बटण दिवसभर चालू राहतंय का आणि थर्मोस्टॅट वेळेवर तोडतोय का. लाल दिवा तासाभरानंही विझत नसेल तर थर्मोस्टॅट गेलाय, वापर थांबवा. टाकीच्या खाली जो व्हॉल्व्ह थेंब थेंब गळतो त्याला बूच मारून ठेवतात काही जण, ते कृपया करू नका, दाब वाढला की वाट काढायला तेवढं एकच तोंड आहे. आणि अर्थिंग तपासा, ३० मिलीॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर या थंडीच्या आधी बसवा.

प्रश्न : २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी आलं होतं. गॅस गिझर वर भिंतीला असला तरी अर्धा बुडाला होता, रेग्युलेटर आणि नळी तर पूर्ण. वाळवून वापरतोय, चालू आहे. चालेल का?
*एक वाचक, सांगली*

उत्तर : रेग्युलेटर आणि नळी आजच बदला, यात दुसरं मत नाही. रेग्युलेटरच्या आतही पडदा आणि स्प्रिंग असते आणि कृष्णेच्या पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, तो आत बसला की दाब कमी-जास्त होतो. गिझर उघडून बघा, गाळाचा पापुद्रा व्हॉल्व्हमध्ये दिसला तर दुरुस्त करत बसू नका, नवीन घ्या. आणि नवीन घेताना वरच्या मजल्यावर बाहेरच्या बाजूला लावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की तळमजल्यात खाली साचून राहतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका, दारं उघडा, सिलिंडर बंद करा, बाहेर जाऊन १९०६ ला, गॅस गळतीच्या मदत क्रमांकाला, फोन लावा.

प्रश्न : पाचगणीला आमचं छोटं घर आहे, डिसेंबरात रात्री फार गारठा असतो. कोळशाची शेगडी पेटवून धूर गेल्यावर बेडरूममध्ये ठेवली तर चालते ना?
*एक वाचक, पाचगणी*

उत्तर : नाही. धूर गेलेले लाल निखारे सगळ्यात धोक्याचे, धूर दिसत नाही म्हणून माणूस बिनधास्त झोपतो आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातूनच सगळ्यात जास्त येतो. बाहेर व्हरांड्यात शेका, झोपायच्या खोलीत शेगडी नेऊ नका, खिडकी थोडी उघडी ठेवली तरी नको. जास्तीची रजई घ्या, ऑइलचा इलेक्ट्रिक हीटर घ्या. पाहुण्यांना घर देत असाल तर शेगडीच कुलपात ठेवा, त्यांना सांगून ते ऐकतीलच असं नाही.

प्रश्न : बाथरूमच्या वरच्या झडपेतून कबुतरं येतात आणि थंडीत वाराही, म्हणून पुठ्ठा लावून बंद केलीय. एक्झॉस्ट फॅन आहे त्यामुळं गॅस गिझरला चालेल असं इलेक्ट्रिशियन म्हणाला. गिझर बाहेर काढायला भाड्याच्या घरात मालक परवानगी देत नाही.
*एक वाचक भगिनी, गोडोली, सातारा*

उत्तर : ताई, पुठ्ठा आजच काढा, कबुतरांसाठी तारेची मोठ्या भोकाची जाळी लावा आणि ती महिन्याला झटका, धूळ-पिसांनी ती पण बुजते. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर टाकतो पण त्या जागी नवी हवा आत यायला वाट लागते, सगळं बंद असलं की फॅन नुसता फिरतो. दाराखाली दोन-तीन बोटांची फट तरी पाहिजे. आणि एवढं सगळं केलं तरी गिझर आत असेपर्यंत बादली भरून, गिझर बंद करून, मगच आंघोळीला जायचं, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनासुद्धा. मालकाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाचायला द्या. तरीही नाही म्हणाला तर गॅस गिझर काढून टाका आणि वायरिंग, अर्थिंग तपासून तीन लिटरचा इलेक्ट्रिक बसवा, घर सोडताना तो बरोबर नेता येतो.